प्रेरणेआधी पडताळा

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या भागांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलंमुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. मानसशास्त्राशी त्यांची गाठ पडते ती बहुधा प्रेरणादायी व्याख्यानांतून. स्वतःला अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेलं डोळ्यांसमोर आणा, रोज आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणा, प्लॅन बी ठेवणारा कधी जिंकत नाही, अशी वाक्यं तिथे ऐकायला मिळतात. टाळ्या पडतात, दोन दिवस अभ्यास जोरात होतो आणि मग सगळं पूर्वीसारखं सुरू राहतं. या उपदेशाला मानसशास्त्र म्हणण्याला माझा सक्त विरोध आहे. तितकाच विरोध या व्याख्यानांना विटून ‘मानसशास्त्र म्हणजे सगळ्या बाताच’ असं ठरवून टाकणाऱ्यांनाही आहे. रोजच्या जगण्यात हे शास्त्र मन उत्साहाने भरण्यासाठी नाही, तर मन नेहमी कुठे फसतं ते ओळखून तिथे पडताळा लावण्यासाठी कामाचं आहे.

आधी त्या डोळ्यांसमोरच्या खुर्चीचं पाहू. गाब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने जर्मनीत शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. नोकरी मिळाल्याची सुखचित्रं ज्यांच्या मनात वारंवार येत होती त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे देकार कमी आले आणि पगारही कमी मिळाला. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती व्याख्यानांत कुणी सांगत नाही. आपल्याला नोकरी मिळेल असा ज्यांचा अंदाज होता त्यांची कामगिरी मात्र चांगली झाली. असा अंदाज मागच्या अनुभवावर उभा असतो, सुखचित्राला अनुभवाची गरजच नसते. मनातल्या मनात खुर्चीत बसून झालं, की तिथवर पोचण्याची तहान तेवढी भागते.

आरशासमोरच्या वाक्याची गोष्ट याहून गंभीर आहे. जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली कॅनडात स्वतःविषयी कमी आदर असलेल्या लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ते म्हटल्यावर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. ज्यांचं आधीच बरं चाललं होतं त्यांना थोडाफार फायदा झाला. म्हणजे तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत अडकलेल्या, घरचा फोन उचलायला घाबरणाऱ्या मुलालाच हा उपाय सगळ्यात जास्त दिला जातो आणि त्यालाच तो सगळ्यात जास्त बोचतो.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, माझं मन मला कळतं, त्यासाठी शास्त्र कशाला हवं? याचं उत्तर अभ्यासिकेतल्या कुठल्याही टेबलावर सापडेल. राज्यघटनेच्या तयारीला बहुतेकांकडे लक्ष्मीकांत यांचं जाडजूड पुस्तक असतं. मूलभूत हक्कांचं प्रकरण उघडून बघा. पहिल्या वाचनाला पिवळा हायलायटर, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला लाल पेनाच्या रेघा, कडेला बारीक अक्षरात कलमांचे आकडे. एवढ्या रेघोट्यांनंतर न रंगलेली ओळ शोधावी लागते. चौथ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि मन सांगतं की प्रकरण झालं. पण पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर कलम १९ मधली सगळी स्वातंत्र्यं आणि त्यांवरचे निर्बंध लिहायला घेतले, की हात थांबतो. समोर आल्यावर ओळखता येणं वेगळं आणि समोर नसताना आठवणं वेगळं. वाचणाऱ्याला आतून हा फरक जाणवत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांनी २००६ साली हेच मोजून दाखवलं. एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आपल्याला आठवड्यानंतर जास्त आठवेल अशी खात्री मात्र चार वेळा वाचणाऱ्यांनाच अधिक होती. ‘आधी सिलॅबस पूर्ण होऊ दे, मग टेस्ट सिरीज लावीन’ हे अभ्यासिकेतलं रोजचं वाक्य याच खोट्या खात्रीतून येतं. टेस्ट हा अभ्यासाचाच भाग आहे. प्रकरण एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर उतरवा, चुकलेलं बघा, चार दिवसांनी पुन्हा उतरवा. याला खर्च नाही आणि प्रेरणाही लागत नाही. लागतो तो एवढाच निर्धार, की चुकल्याची बोच टाळायची नाही.

वेळापत्रकाचंही तसंच. रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल असं विचारलं. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवसांचं आलं. सगळं बिघडलं तर किती लागतील, याचं उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही तोकडा पडला, कारण वेळेचा अंदाज करताना मात्र मन योजनेकडे बघतं, गेल्या खेपेला काय झालं होतं तिकडे नाही. म्हणून पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आखण्याआधी गेल्या महिन्याचं काढावं आणि ठरवल्यापैकी खरोखर किती झालं ते शेजारी लिहावं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. मानसशास्त्रातले प्रयोगच टिकत नाहीत, मग त्यांच्यावर विसंबायचं कसं? आक्षेप खरा आहे. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष ठोस होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच तसा आला. २०१० साली गाजलेल्या, छाती काढून उभं राहिल्याने आत्मविश्वास वाढतो असं सांगणाऱ्या संशोधनावरचा आपला विश्वास उडाल्याचं त्याच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ साली स्वतः जाहीर केलं. पण ही पडझड उघडकीला आणली कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच, स्वतःच्या शास्त्राला पडताळा लावून. जे कोसळलं त्यात झटपट जादूची आश्वासनं भरपूर होती आणि व्याख्यानांना नेमकी तीच आवडतात. आठवून लिहिण्याचा फायदा, विसरण्याचा वेग, अंदाजातली ढिलाई या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली काढलेली, विसरण्याचा वेग दाखवणारी रेघ २०१५ साली नव्याने तपासली, तेव्हाही ती जवळपास तशीच निघाली. तेव्हा सगळंच नाकारण्यापेक्षा काय टिकलं ते बघून उचलावं.

आणखी एक आक्षेप सामाजिक कार्यकर्त्यांकडून येतो आणि त्याच्यामागची कळकळ मला जवळची वाटते. जागा काहीशे, अर्ज लाखांत, जाहिराती रखडतात, निकाल लांबतात. अशा वेळी मुलांना मन सुधारायला सांगणं म्हणजे दोष त्यांच्या माथी मारणं नाही का? मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या संतापाला समुपदेशनाची गरज नव्हती, परीक्षेच्या तारखेची होती आणि ती दुसऱ्याच दिवशी मिळाली. जे मानसशास्त्र अशा संतापाला आजार ठरवेल ते फेकून द्यावं. पण अल्बर्ट एलिसने १९५५ पासून उभी केलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती तसं करत नाही. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. सगळं छान आहे असं म्हणा, असं एलिस कधीच सांगत नाही. अन्यायाबद्दल चीड यावी, अपयशाचं दुःख व्हावं, हे त्याला मान्यच आहे. त्याचा आक्षेप पुढच्या उडीवर आहे: परीक्षा गेली म्हणजे मी माणूस म्हणून कवडीमोल ठरलो, आता तोंड दाखवायला जागा नाही. ही उडी लोकसेवा आयोगाने मारायला लावलेली नसते. ती तपासता येते, खोडता येते आणि ती खोडलेला मुलगा रस्त्यावर उतरून मागणी करायला अधिक भक्कम उभा राहतो.

राहिला प्लॅन बी. इथे व्याख्यात्यांच्या बाजूने एक खरा पुरावा आहे आणि तो झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१६ साली दाखवलं, की पर्यायी योजना आखल्याने मुख्य ध्येयाची ओढ कमी होऊन कामगिरी घसरू शकते. पण ते प्रयोग थोड्या वेळाच्या, छोट्या बक्षिसांच्या कामांवर झाले होते. पाच-सहा वर्षं, घरून दरमहा येणारे पैसे आणि सरत जाणारं वय यांचा हिशेब त्यात नव्हता. शिवाय मुख्य ध्येयासाठी जे करण्यासारखं आहे ते सगळं करून झाल्यावर पर्यायाकडे वळावं, हा मार्ग त्याच संशोधकांनी सुचवला आहे. आपल्याकडे अशी वेळ आयतीच मिळते. मुख्य परीक्षा देऊन झालेली असते, निकाल लागायचा असतो आणि गुणांत आता काहीच बदल करता येत नसतो. आणखी किती अटेम्प्ट, कोणत्या वर्षापर्यंत, त्यानंतर कोणतं काम आणि त्यासाठी आजपासून काय शिकायचं, हे तेव्हाच लिहून काढावं आणि घरच्यांसमोर ठेवावं. निकाल हातात आल्यावर हाच प्रश्न सोडवायला बसलं, तर घालवलेली वर्षं मध्ये येतात. चार गेलीच आहेत तर पाचवंही देऊ, असं मन म्हणतं आणि त्या पाचव्या वर्षाचा पुढे उपयोग काय, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.