विश्लेषण : गाठ मोजली जाते, मग रुग्णाचा दिवस का मोजला जात नाही?

धुळे-सोलापूर महामार्गावरचे, बिंदुसरा प्रकल्पाच्या काठचे पाली हे बीड तालुक्यातील गाव. समजा, इथल्या 19 वर्षांच्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांसाठी त्याच्यासमोर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा मेमोरियल, असे पर्याय असतात. तिथे रक्ततपासणी होते, केमो दिली जाते, पुढची तारीख मिळते. पण दोन तारखांच्या मधले 20-21 दिवस तो गावात कसे काढतो, याची नोंद कोणत्याच कागदावर नसते. उपचारांचे यश ठरवताना हे दिवस मोजायला नकोत का?

तरुण रुग्णांचा प्रश्न वेगळा का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 15 ते 39 हा वयोगट वेगळा मानला आहे. या वयात रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा, हाडांच्या गाठी, थायरॉइड आणि वृषणाचा कर्करोग हे प्रकार तुलनेने अधिक दिसतात. यातील अनेक प्रकारांत वेळेत उपचार झाल्यास रुग्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. म्हणजेच पुढे 40-50 वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. पण नेमक्या याच वयात बारावी, पदवी, पहिली नोकरी आणि लग्न हे टप्पे येतात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. पदवीलाही तेवढाच काळ लागतो.

हा थकवा नेहमीच्या थकव्यासारखा नसतो?

नाही. दिवसभर ऊसतोड करून आलेला माणूस रात्री झोपला की सकाळी ताजा होतो. कर्करोगाचा थकवा झोपून उठल्यावरही तसाच राहतो. रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे, औषधांचा परिणाम, बिघडलेली झोप, कमी झालेला आहार आणि मनावरचा ताण अशी अनेक कारणे त्यात एकत्र येतात. केमो संपल्यावरही काहींना तो महिनोनमहिने जाणवतो. घरचे मायेने म्हणतात, ‘पडून राहा’. पण सतत पडून राहिल्याने स्नायू आणखी अशक्त होतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे आणि हलका व्यायाम करणे हा या थकव्यावरचा उपयुक्त ठरलेला उपाय आहे. हे सांगणारे कोणी नसेल तर मुलगा खाटेवरच राहतो आणि गाव त्याला आळशी ठरवते.

आणखी कोणती लक्षणे दिवस बिघडवतात?

व्हिन्क्रिस्टिनसारख्या औषधाने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठता होते. शर्टाचे बटण लावणे, पेन धरणे अवघड जाते. तोंड आल्यामुळे तिखट भाकरी-भाजी घशाखाली उतरत नाही. वाचलेले लक्षात राहत नाही, एकाग्रता टिकत नाही. केस जातात, चेहरा सुजतो, मग मित्रांसमोर जाणे टाळले जाते. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो किरकोळ समजून गोळी घेऊन थांबणे धोक्याचे ठरते. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठावे लागते.

काही उपचारांचा प्रजननक्षमतेवरही परिणाम होतो. मुलांचे शुक्राणू उपचारांपूर्वी गोठवून ठेवता येतात. पण आई-वडिलांसमोर हा विषय काढायला मुलगा लाजतो आणि डॉक्टरांकडे वेळ नसतो. एकदा केमो सुरू झाली की ही संधी हातची जाऊ शकते.

डॉक्टर रुग्णाची क्षमता मोजत नाहीत का?

मोजतात. त्यासाठी ‘ईकॉग’ ही 0 ते 5 अशी श्रेणी जगभर वापरली जाते. 0 म्हणजे पूर्ण सक्रिय, 1 म्हणजे जड कामे जमत नाहीत पण हलकी जमतात, 4 म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला आणि 5 म्हणजे मृत्यू. औषधाचा डोस झेपेल का, हे ठरवायला ती पुरेशी आहे. पण 1 ही श्रेणी मिळालेला विद्यार्थी तीन तासांचा पेपर लिहू शकेल का, एसटीत उभ्याने प्रवास करू शकेल का, हे त्या आकड्यातून कळत नाही. कागदावर तो ‘बरा’ असतो.

लक्षणे विचारल्याने खरोखर फरक पडतो?

पडतो. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील 766 रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग पसरलेल्या या रुग्णांपैकी एका गटाने नेहमीची 12 लक्षणे संगणकावर नियमित नोंदवली आणि त्रास वाढल्यास परिचारिकांना सूचना गेली. या गटाचे मध्यम आयुर्मान 31.2 महिने, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांचे 26 महिने होते. हा अभ्यास केवळ तरुणांचा नव्हता. पण वेळेवर विचारपूस करणे हाही उपचारच आहे, हे त्यातून दिसले.

सरकारी योजनांत यासाठी काय आहे?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येते. मुक्काम, जेवण आणि सोबत आलेल्या बापाची बुडालेली मजुरी यांचे काय? बीडमध्ये अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. उचल घेतलेल्या बापाला मुलाजवळ थांबणे परवडत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, कर्करोग नाही. पाय गमावलेल्याला प्रमाणपत्र मिळू शकते, पण केवळ थकव्याने खचलेल्याला ते मिळणे कठीण.

मग करायचे काय?

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. ही केंद्रे फक्त सलाइन लावण्याची जागा ठरू नयेत. मराठीत एका पानाचा लक्षणांचा तक्ता, आठवड्यातून एक फोन आणि आशा सेविकांना धोक्याच्या खुणांचे प्रशिक्षण, यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विद्यापीठे आणि परीक्षा मंडळांनी उपचार घेणाऱ्यांना हजेरीत सूट आणि पेपरला जादा वेळ द्यायला हवा.

पालीतच एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम करणारा इन्फंट इंडिया संस्थेचा निवासी प्रकल्प आहे. दीर्घ आजारात गोळीइतकेच शाळा, ताट आणि सोबतीला महत्त्व असते, हे या गावाने जवळून पाहिले आहे. कर्करोगातून वाचलेल्या तरुणालाही तेच हवे असते. पुढच्या तपासणीत ‘रिपोर्ट काय आला’ याच्या आधी ‘हा महिना कसा गेला’ हे कोणी विचारले, तर सुरुवात तिथूनच होईल.