समुद्राचें वेळापत्रक

मुलांस सुटी लागली, कीं वडील माणसांच्या अंगांत निराळाच उत्साह संचरतो. चार दिवसांत दहा स्थळें उरकावयाचीं, प्रत्येक ठिकाणीं छायाचित्रें काढावयाचीं, आणि घरीं परतल्यावर शीण घालविण्यासाठीं आणखी दोन दिवस निजावयाचें, असा बहुतेक कुटुंबांचा शिरस्ता आहे. आम्हीही त्याच पंथांतलीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत अलिबागेस घालविलेल्या एका दिवसानें आमची ही खोड बरीचशी मोडली. म्हणून त्या दिवसाची हकीकत या वेळीं वाचकांस सादर करीत आहें.

आमचें बिऱ्हाड पारनेर तालुक्यांत, पुणें-अहिल्यानगर रस्त्यावरील सुप्यास. तेथें वर्षाकाठीं पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आसपास. वैशाखांत टँकरची वाट पाहणें, हंडे-बादल्या भरून ठेवणें, आणि कोणाच्या बोअरला पाणी लागलें याची चौकशी करणें, हीं बोलणीं मुलांच्या कानांवरून नित्य जातात. सात वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी, दोघांनींही समुद्र पाहिलेला नव्हता.

आदल्या रात्रीं मुक्कामावर ह्यांनीं यादी वाचून दाखविली: सकाळीं कुलाबा किल्ला, मग १९०४ सालची चुंबकीय वेधशाळा बाहेरून, दुपारीं चौल-रेवदंडा, संध्याकाळीं नागांव आणि किहीम. सासूबाईंनीं ती शांतपणें ऐकून घेतली व पिशवींतून पंचांग काढलें. त्यांचें माहेर कोंकणांतलें.

"उद्यां वद्य चतुर्थी, संकष्टी," त्या म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट करा. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नवाच्या. किल्ल्यांत जायचें तें आठाला, आणि तेथून निघायचें तें सव्वानवाला. बाकीचें समुद्राला विचारून ठरवा."

हा ठोकताळा मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांस पाठ असतो. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीची वेळही रोज तितकीच पुढें सरकते. आणि दोन भरत्यांमध्यें सुमारें १२ तास २५ मिनिटांचें अंतर पडतें. आतां भरती-ओहोटीचीं कोष्टकें फोनवरही पाहतां येतात. आम्हीं तीं पाहिलीं. फरक थोड्याच मिनिटांचा निघाला.

आठ वाजतां ओल्या वाळूवरून चालत निघालों. वाटेंतल्या एका सखल जागीं धाकटीचे घोटे तेवढे भिजले. हा किल्ला शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळांत, १६८० च्या सुमारास बांधावयास घेतला गेला. पुढें तो आंग्र्यांच्या आरमाराचें मोठें ठाणें झाला. आंत राघूजी आंग्रे यांनीं १७५९ मध्यें बांधलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ आहे. संकष्टीच्या दिवशीं तें दर्शन घडल्यानें सासूबाई प्रसन्न झाल्या. थोरला मात्र गोड्या पाण्याच्या विहिरीपाशीं खिळून राहिला. "चहूंकडे खारट आणि मध्येंच गोड कसें?" पावसाचें पाणी खडकांत मुरतें, आणि गोडें पाणी खाऱ्यापेक्षां हलकें असल्यानें वर राहतें, असें ह्यांनीं त्यास समजाविलें.

सव्वानऊ झाले. सासूबाईंनीं पदर खोचला. ह्यांस तटावरून आणखी छायाचित्रें हवीं होतीं. "पांचच मिनिटें" म्हणतां म्हणतां दहा वाजून गेले. परततांना त्याच सखल जागीं पाणी थोरल्याच्या मांड्यांस लागलें, आणि तें नुसतें उभें नव्हतें, ओढीत होतें. ह्यांनीं धाकटीस खांद्यावर घेतलें. मीं थोरल्याचें मनगट इतकें घट्ट धरलें, कीं त्यावर वळ उमटले. कांहीं झालें नाहीं. परंतु वाळूवर पाय टेकेपर्यंत आम्हां दोघांपैकीं कोणीही बोललें नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले विद्यार्थी बुडाले, ती बातमी मला तेव्हां आठवत होती. ह्यांनीं खिशांतली यादी काढली आणि मुकाट्यानें फाडून टाकली.

मग दिवस मोकळा झाला. मुलें जेवलीं, निजलीं. ऊन उतरल्यावर आम्ही वाळूंत बसलों. थोरला एका करवंटीनें खणूं लागला. तासभर त्यानें कोणाकडे पाहिलें नाहीं. एकाएकीं तो ओरडला, "आई, पाणी लागलें! हातभरावरच लागलें!" त्यानें ओंजळ तोंडाला लावली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मग एवढें पाणी कोणासाठीं आहे, आजी?"

"ढगांसाठीं, बाळा. ते येथूनच भरून निघतात. पण सह्याद्रि वाटेंत त्यांस अडवितो. म्हणून येथें आपल्या चौपट पाऊस, आणि आपल्या वांट्यास उरेल तेवढा."

रात्रीं दहाच्या सुमारास नारळींच्या मागून, जमिनीच्या बाजूनें चंद्र वर आला. धाकटी झोंपली होती. समुद्र पुन्हां दूर गेला होता. सासूबाईंनीं अर्घ्य दिलें. "सकाळीं यानेंच पाणी ओढलें होतें ना?" थोरल्यानें विचारलें, आणि वेधशाळा न पाहिल्याची ह्यांची रुखरुख तेथेंच संपली.

लहान मुलांसह किनाऱ्यावर जाणाऱ्या वाचकांस म्हणून इतकेंच सुचवावेंसें वाटतें. दिवसाकाठीं एकच गोष्ट ठरवावी, आणि ती ओहोटी पाहून. परतीची वेळ घड्याळानें पाळावी; तेथें "पांच मिनिटें" म्हणूं नये. उरलेला दिवस मुलांच्या हातीं सोंपवावा व आपण जवळ बसून राहावें. पाहावयाचें राहिलें तें पुढल्या वर्षींही तेथेंच असतें. मुलांचें हें वय मात्र राहत नाहीं.

सुप्यास परतल्यावर तिसऱ्या दिवशीं टँकर आला. हंडा भरतांना थोरल्यानें पाण्यांत बोट बुडवून चाखलें, आणि मोठ्या समाधानानें म्हणाला, "गोड आहे!"