साडेबारा टक्क्यांत न मावलेले अंगण

तान्ह्या मुलाच्या मनाची काळजी म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसांची काळजी. बंदराने बदललेल्या गावांत ती अंगणवाडीपासून सुरू व्हायला हवी.

पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागते. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे गाव. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क प्रकल्पग्रस्तांनी मिळवला. दरवर्षी १६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन होते. गमावलेल्या जमिनीचा हिशेब कसा मागावा, हे या गावाला कोणी शिकवायला नको. पण त्या जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. ती कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हती, त्यामुळे कोणत्याही मोबदल्यात धरली गेली नाही. ती म्हणजे लहान मूल जिथे वाढते ते अंगण.

भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यातला जुना काळ सोन्याचा होता, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. कष्ट होते, गरिबी होती, मुले दगावत होती. तरीही आई शेतावर गेली म्हणून तान्हे मूल एकटे पडत नसे. आजी असे, काकू असे, शेजारीण असे. मूल रडले की कोणी तरी वळून पाही. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, पाठोपाठ कंटेनरचे आगार आणि गोदामे आली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू जवळच्या चिर्ल्याला येऊन टेकला. रोजगार आला, पक्की घरे आली आणि भाड्याच्या खोल्याही आल्या. त्या खोल्यांत दूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेली जोडपी राहतात. त्यांची आजी शेकडो मैल लांब असते. बाहेर ट्रेलरची रांग, म्हणून दार बंद. आत मूल रमत नाही, म्हणून त्याच्या हातात मोबाइल. यात आईबापांचा गुन्हा नाही. त्यांच्या भोवतीची माणसे कमी झाली आणि ती जागा भरून काढण्याचा विचार कोणत्याही विकास आराखड्याने केला नाही.

‘तान्ह्याला कसले आले मन?’ असे अजूनही सहज विचारले जाते. याचे उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी मिळाले आहे. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी दोन ठिकाणच्या बाळांची तुलना केली. एकीकडे तुरुंगात आपल्या कैदी आयांजवळ वाढणारी बाळे होती, दुसरीकडे स्वच्छ, नीटनेटक्या अनाथालयातली. अनाथालयात दूध वेळेवर मिळे, पण उचलून घेणारे, बोलणारे एकच माणूस कोणाच्याही वाट्याला येत नसे. ती बाळे खुरटली, आजारी पडली, त्यांतली कितीतरी दगावली. तुरुंगातली बाळे मात्र वाढली. पुढे सत्तरच्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी आईला बाळासमोर काही क्षण निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितले. बाळ आधी हसते, हात पसरते, आवाज करते. प्रतिसाद येत नाही म्हटल्यावर मान फिरवते आणि कोमेजते. हे घडायला दोन-तीन मिनिटे पुरतात. अशी मिनिटे प्रत्येक घरात येतात, लगेच भरूनही निघतात आणि त्याने काही बिघडत नाही. दिवसचे दिवस ती भरून निघाली नाहीत, तर मात्र बाळ हाक मारणेच सोडून देते. मग घरचे कौतुकाने सांगतात, ‘फार शांत आहे हो आमचं बाळ.’ प्रत्येक शांत बाळ दुःखी नसते. पण जे नजर देत नाही, हसण्याला हसून उत्तर देत नाही, ज्याची झोप आणि भूक सतत बिघडलेली असते, त्याच्याकडे वजनकाट्यापलीकडे जाऊन पाहणारे कोणी तरी हवे.

तो पाहणारा माणूस आपल्याकडे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली आणि ती देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जायचे असते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच भेटी ठरल्या आहेत. म्हणजे आशाताईने अकरा वेळा एकाच घराचा उंबरठा ओलांडणे अपेक्षित आहे. यातल्या प्रत्येक भेटीत एक प्रश्न आईसाठी सक्तीचा असावा, अशी आमची पहिली मागणी आहे. ‘तुला झोप लागते का, रडू येतं का, बाळाला घ्यावंसं वाटतं का?’ एवढेच विचारायचे. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. ‘इतकं गोड बाळ झालं, आता तुला कसलं दुःख?’ असे म्हणून घरातले तो दडपतात, आणि हसू न शकणाऱ्या आईसमोर पडून असलेले बाळ त्याची किंमत मोजते. आशाताईने विचारले आणि उत्तर काळजी वाटावी असे आले, तर पुढे कुठे पाठवायचे तेही ठरलेले हवे. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो लसीकरणाच्या कार्डावर छापण्यात अडचण कसली?

दुसरी मागणी अंगणवाडीविषयी. हा शब्द ताराबाई मोडकांचा. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा विचार होता. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ साऱ्या देशाची झाली. मात्र योजनेतली अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांसाठी भरते. त्याखालच्या मुलासाठी घरी आहाराचे पाकीट जाते, महिन्याला वजन घेतले जाते. मन घडण्याची सर्वांत मोलाची वर्षे नेमकी हीच आणि त्या वर्षांत मूल नोंदवहीत किलो-ग्रॅममध्येच उरते.

हे बदलता येते. महाराष्ट्रातच ‘आरंभ’ उपक्रमाने सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या आणि युनिसेफच्या साथीने अंगणवाडी सेविकांना तान्ह्यांच्या घरी जाऊन पालकांशी बोलायला, बाळाशी कसे खेळावे हे दाखवायला शिकवले. बापांनाही त्यात ओढले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. कागद तयार आहे. प्रश्न सेविकेच्या हातातल्या वेळाचा आहे. पोषण ट्रॅकर, सर्वेक्षणे, नोंदी यांत जिचा दिवस संपतो, तिने बाळाजवळ निवांत बसावे कधी? डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी मानधनासाठी सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. जिच्या स्वतःच्या घरात महिनाअखेरची चिंता आहे, तिच्याकडून दुसऱ्याच्या लेकरासाठी शांत मन मागताना सरकारने आधी आपले देणे फेडावे.

तिसरी मागणी पाळणाघराची, आणि ती बंदर परिसरातल्या उद्योगांकडे आहे. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर द्यावे, असे २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेने सांगितले. परंतु ठेकेदारागणिक हजेरीपट वेगळा केला, की पन्नासचा आकडा कुठेच भरत नाही. म्हणून गोदामांच्या एका पट्ट्यासाठी एक सामाईक पाळणाघर हाच मार्ग आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडण्याची सोय आहे. उरण-पनवेलच्या गावांनी ती मागावी, बंदर आणि सिडकोने जागा द्यावी. वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कातकरी कुटुंबांची बाळेही त्यात धरली पाहिजेत. आपल्या पाड्याच्या यादीतून निघालेले मूल दुसऱ्या यादीत येईपर्यंत त्याचे बाळपण सरून जाते.

बायकांनी घरी बसावे, म्हणजे हा प्रश्न उरणार नाही, असे सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना या भूमीचा विसर पडला आहे. इथल्या बायका आधीही घरी बसून नव्हत्या. मिठागरात, चिखलात, मासळीच्या पाटीखाली होत्या. बाळ वाढले ते अनेक हातांवर. ते हात पुन्हा उभे करायचे, तर त्यात बापाचा हात पहिला हवा आणि गावाचा, कारखानदाराचा, सरकारचा त्याच्या जोडीला.

१९८४ साली आईच्या कडेवर असलेली जासईची मुले आज चाळिशी ओलांडून गेली. त्यांच्या हाती भूखंड आले, काहींच्या हाती अजून कागदच आहेत. त्यांची नातवंडे आता पाळण्यात येतील. येत्या १६ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करताना गावाने आपल्या मागण्यांच्या यादीत पाळणाघर लिहावे. जमीन मोजायला सरकारी मोजणी लागते. गावात अंगण उरले आहे की नाही, हे मात्र कोणालाही मोजता येईल. मूल रडले, की कोण वळून पाहते आणि किती वेळाने, एवढेच पाहायचे.