लेखणीचें वजन

गेल्या पंधरवड्यांत रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही मंडळी ओटीवर बसलों असतां पुतण्यानें प्रश्न काढला, "काका, ज्याच्या मागें संस्था नाहीं, हातीं अधिकार नाहीं, अशा एकट्या माणसानें नेमानें लिहिलें तर लोकांवर त्याचें वजन पडतें काय?" नाणेघाटाच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या वैशाखऱ्यांत वजन म्हटलें कीं जमीनजुमला किंवा पंचायतींतील जागाच आठवते. मीं त्याला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची हकीकत सांगितली. सांगतां सांगतां स्वतःची एक चूक आठवली. तीहि वाचकांपुढें ठेवतों.

जानेवारी १८७४ मध्यें 'निबंधमाला' सुरू झाली तेव्हां विष्णुशास्त्री अवघे २३ वर्षांचे शाळामास्तर होते. पुढें ८४ अंक निघाले, आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. भाषा, इतिहास, मोरोपंतांची कविता, इंग्रज पंडित जॉन्सन, विषय कोणताहि असो, बोलणारा माणूस एकच. महिन्यामागून महिना तोच आवाज ऐकून वाचकाला तो घरचा वाटूं लागला. शिवाय स्वाभिमानाचा उपदेश करणाऱ्या ह्या लेखकानें १८७९ सालीं सरकारी नोकरी सोडून दिली, तेव्हां शब्दाला आचरणाची जोड मिळाली. टिळक व आगरकर हे तरुण त्यांच्याकडे आले. १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें, व १८८१ त 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १७ मार्च १८८२ रोजीं विष्णुशास्त्री वारले. वयाचीं ३२ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

परंतु लेखकावर जीव जडला म्हणजे त्याच्या गुणांबरोबर त्याचा रागलोभहि आपल्या अंगीं उतरतो. जोतीराव फुल्यांच्या लेखनावर 'माले'नें कठोर उपहास केला. भाषेंतील अशुद्धें वेंचून दाखविलीं. तालुक्यांतील एका शाळेंत मराठी शिकवीत असतां मीं तो उपहास वर्गांत मोठ्या चवीनें सांगत असें. एके दिवशीं मागल्या बाकावरील एका शेतकऱ्याच्या मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, फुल्यांचें पुस्तक आपण वाचलें आहे?"

मीं वाचलें नव्हतें. शंभर वर्षांपूर्वींचा आवेश मीं उसना घेतला होता, आणि तो माझाच आहे अशा समजुतीनें मुलांना वांटीत होतों.

महाराष्ट्र शासनानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेलें फुल्यांचें समग्र वाङ्मय आमच्याच शाळेच्या कपाटांत होतें. तें घरीं नेलें. १८७३ सालची 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलेली आहे, हेंहि मला तोंवर ठाऊक नव्हतें. भाषा ओबडधोबड खरी. पण ज्या मुलांना मीं शिकवीत होतों, त्यांच्या आजा-पणजांचें गाऱ्हाणें तींत होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्या मुलाचें नांव घेऊन मीं चूक कबूल केली. फार जड गेलें.

विष्णुशास्त्र्यांविषयींचा माझा आदर त्यामुळें आटला नाहीं. डोळस मात्र झाला. त्यांच्याच सहवासांतले आगरकर पुढें 'केसरी'पासून वेगळे झाले आणि १८८८ त त्यांनीं 'सुधारक' काढला. बालविवाह, केशवपन इत्यादि रूढींवर त्यांनीं जें लिहिलें, तें विष्णुशास्त्र्यांस मानवलें नसतें. तरी निर्भयपणें लिहिण्याचा धडा त्यांनीं गिरविला तो त्याच घरीं. शिष्य गुरूच्या मतापासून दूर जाऊनहि गुरूचा राहूं शकतो. मीं मात्र मत तेवढें उचललें होतें आणि अभ्यास सोडून दिला होता.

पुतण्या आतां नेमानें लिहूं म्हणतो. त्याला उत्तेजन दिलें, आणि एक अट घातली, "ज्याला नांवें ठेवशील, त्याचें पुस्तक आधीं पुरें वाच." तो म्हणाला, "आणि ज्याची स्तुति करीन त्याचें?"

ही अट मला सुचली नव्हती. तीहि घातली.