दोन ओळींचा इतिहास

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील गॅस्टोनिया हे जुने गिरण्यांचे शहर. दक्षिणेतला कापूस, स्वस्त मजुरी आणि उत्तरेकडचे भांडवल यांच्या बळावर ते वाढले. शहराच्या पश्चिम भागात लोरे मिलची पाच मजली विटांची इमारत आजही उभी आहे. १९०२ मध्ये सुरू झालेली ही गिरणी १९३५ मध्ये फायरस्टोन कंपनीने घेतली. १९९३ मध्ये तेथील काम थांबले. जिथे यंत्रे धडधडत होती त्या मजल्यांवर आता सदनिका आहेत. इमारत वाचली ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि, इमारतीबरोबर तिचा इतिहासही वाचला काय, हा प्रश्न उरतोच.

गिरणीजवळ रस्त्याच्या कडेला राज्य शासनाचा एक फलक आहे. १९२९ मध्ये येथे संप झाला, त्यात दोघांचा मृत्यू झाला आणि राज्यभर कामगार संघटनांना असलेला विरोध बळावला, एवढाच त्याचा आशय. १९८० च्या दशकात या फलकाचा विषय निघाला तेव्हा मजकुरावरून तीव्र मतभेद झाले. फलक प्रत्यक्ष उभा राहिला तो २००७ मध्ये, म्हणजे संपानंतर ७८ वर्षांनी. त्यावरचे एकही विधान खोटे नाही. परंतु संप का झाला आणि मेले ते कोण, हे त्यातून कळत नाही.

संपाचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचयाचे वाटेल. पहिल्या महायुद्धानंतर कापडाचे भाव घसरले. नफा टिकविण्यासाठी मालकांनी माणसे कमी केली आणि उरलेल्यांवर अधिक यंत्रांचा भार टाकला. लोरे मिलमधील कामगारसंख्या सुमारे ३,५०० वरून २,२०० वर आली. वेतनही कापले गेले. १ एप्रिल १९२९ रोजी संप सुरू झाला. आठवड्याला किमान २० डॉलर वेतन, ४० तासांचा आठवडा आणि संघटनेला मान्यता या प्रमुख मागण्या होत्या. नेतृत्व कम्युनिस्टांचे होते, हे खरे. पण मागण्या पोटाच्या होत्या, हेही तितकेच खरे.

मृतांपैकी एक म्हणजे शहराचे पोलीसप्रमुख ऑरव्हिल अ‍ॅडरहोल्ट. ७ जूनच्या रात्री संपकऱ्यांच्या छावणीवर झालेल्या गोळीबारात ते जखमी झाले आणि दगावले. दुसरी एला मे विगिन्स. शेजारच्या बेसेमर सिटीतील गिरणीत आठवड्याला सुमारे ९ डॉलरवर राबणारी ही स्त्री तिशीचीही नव्हती. तिला झालेल्या नऊ मुलांपैकी चार दगावली होती. संपावर ती स्वतः गाणी रचून गात असे आणि कृष्णवर्णीय कामगारांनाही संघटनेत घ्यावे असा आग्रह धरीत असे. १४ सप्टेंबर रोजी सभेला निघालेल्या ट्रकवर जमावाने हल्ला केला, त्यात तिला गोळी लागली. अ‍ॅडरहोल्ट प्रकरणी संघटनेच्या सात जणांना शिक्षा झाली. एला मेच्या खुनाबद्दल कोणालाही झाली नाही. ‘दोघांचा मृत्यू’ या दोन शब्दांत न्यायाची ही विषमता दिसेनाशी होते.

रस्त्यावरचा फलक म्हणजे ग्रंथ नव्हे, तो थोडक्यातच असणार, असे यावर म्हटले जाईल. ते मान्य. पण दोन नावांना आणि एका कारणाला जागा फारशी लागत नाही. परिणाम सांगायचा आणि कारण वगळायचे, यामुळे विरोध ओढवून घेण्याचा दोष नकळत संपाच्याच पदरी पडतो. एला मेच्या कबरीवरही १९७९ पर्यंत नावाचा दगड नव्हता. तो बसविला कामगार संघटनांनी.

मराठी वाचकाला ही कथा दूरची वाटू नये. त्याच जागतिक मंदीच्या पोटी मुंबईच्या मालकांनी विणकरांवर दोनऐवजी तीन साचे सोपविण्याचा घाट घातला आणि १९२८ मध्ये गिरणगाव सहा महिने बंद राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आज फिनिक्स आणि कमला ही गिरण्यांची नावे खरेदीच्या आणि कचेऱ्यांच्या पत्त्यांत शिल्लक आहेत. मालमत्तेला वारस असतो, म्हणून तिचे नाव टिकते. श्रमाचे नाव मात्र समाजाने जाणीवपूर्वक टिकवावे लागते.

जुन्या गिरण्या जपणे हे चांगले काम आहे, आणि त्यांना नवा उपयोग मिळणे त्याहून चांगले. पण ज्या दिवशी अशा प्रत्येक इमारतीसमोरचा फलक तेथे कोण राबले, कशासाठी भांडले आणि त्यांना कोणता न्याय मिळाला हे सांगेल, त्याच दिवशी जतनाचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.