चार टायर, एक हिशेब



कवठे महांकाळच्या बाजारात टायरच्या दुकानापुढे उभा राहिलेला आपला माणूस पहिला प्रश्न विचारतो, 'केवढ्याला?' दुसरा विचारतो, 'उधारीवर मिळेल का?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दारात जुना, फोर व्हील ड्राइव्हचा छोटा ट्रॅक्टर असेल तर त्याआधी तिसरा प्रश्न विचारायला हवा. नवा टायर बाकीच्या टायरांशी जुळतो का? हा प्रश्न आम्ही विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हे लिहीत आहोत.

हे छोटे ट्रॅक्टर आपल्याकडे वाढले ते द्राक्षबागेमुळे. वेलींच्या दोन ओळींतून ते सहज जातात, आणि वजनाने हलके असले तरी चारही चाकांना जोर असल्याने ओल्या रानात अडकत नाहीत. बागायतदार नवा घेतो, तेव्हा जुना ढालगाव-नागजकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात येतो. मग त्याच्यावर शाळूची पेरणी होते, कपाशीच्या ओळींतली कोळपणी होते, औषध मारले जाते. इंजिन चांगले असते. टायर मात्र गुळगुळीत झालेले असतात.

आम्ही असाच एक अठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला. मागचे टायर संपले होते. दुकानदार म्हणाला, 'त्याच रिमवर एक साइज मोठा बसतो, स्वस्तात देतो, पकडही जास्त मिळेल.' आम्ही खुशीत बसवून घेतला. पहिल्याच पेरणीत स्टिअरिंग जड लागू लागले. फोर व्हीलची दांडी काढायला गेलो तर निघेना, थोडे मागे घेतले की मगच सुटायची. पुढचे टायर एका हंगामात झिजले. त्यानंतर पुढच्या बाजूने आवाज येऊ लागला. मिस्त्रीने उघडून दाखवले, गिअरचे दात गेले होते. टायरमध्ये वाचवले त्याच्या कितीतरी पट गिअरमध्ये गेले, आणि ऐन वाफशात ट्रॅक्टर आठ दिवस गॅरेजात उभा राहिला.

असे का झाले? टू व्हीलच्या ट्रॅक्टरची पुढची चाके मोकळी असतात. जमीन फिरवेल तशी ती फिरतात. फोर व्हीलची दांडी टाकली की पुढची आणि मागची चाके गिअरने एकमेकांना बांधली जातात. मागचे चाक एक फेरा फिरले की पुढच्याने किती फिरायचे, ते कारखान्यातच ठरलेले असते आणि ते टायरच्या उंचीवर बेतलेले असते. पुढच्या चाकांनी मागच्यांपेक्षा किंचित जास्त, साधारण एक ते पाच टक्के, धाव घ्यावी असा नियम आहे. म्हणजे पुढची चाके ट्रॅक्टर ओढतात. आम्ही मागे उंच टायर घातला, तेव्हा मागची चाके जास्त पळू लागली आणि पुढची ब्रेकसारखी फरफटू लागली. बैलजोडीतला एक बैल लांब ढांगा टाकणारा आणि दुसरा आखूड असला की जू वाकडे होते, तसेच हे. फक्त इथे जू लोखंडी आहे. ते वाकत नाही, तुटते.

साइज बरोबर असली तरी झीज हा दुसरा घोटाळा आहे. एमटी 180 डी सारख्या ट्रॅक्टरला पुढे 5.00-12 आणि मागे 8.00-18 टायर येतात. पुढचे चाक मध्यापासून काठापर्यंत सुमारे 27 सेंटीमीटर, मागचे सुमारे 42. दोन्ही दीड-दीड सेंटीमीटर झिजले, तर मागचे साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते, पुढचे साडेपाच टक्क्यांच्या. झीज तेवढीच, पण लहान चाकाला ती जास्त लागते. म्हणून पुढचे झिजलेले ठेवून मागचे तेवढे नवे घातले की हिशेब बिघडतो. पुढचे नवे आणि मागचे गुळगुळीत, हेही उलट्या बाजूने तितकेच चूक.

याची परीक्षा घरच्या घरी होते. त्याला ना कंपनीचा माणूस लागतो, ना पैसे. खडूचा तुकडा पुरे. चारही चाकांत पुस्तकात दिलेली हवा भरा. प्रत्येक टायरवर खडूची खूण करा. सपाट, भुसभुशीत रानात, मागे अवजार न लावता, फोर व्हील काढून ट्रॅक्टर सरळ चालवा. मागच्या चाकाचे 20 फेरे होईपर्यंत पुढच्याचे किती झाले ते मोजा. मग फोर व्हील टाकून पुन्हा तेच करा. समजा काढून 30 भरले आणि टाकून 31, तर फरक सुमारे सव्वातीन टक्के. जोडी ठीक आहे. टाकल्यावरचा आकडा आधीच्या इतकाच किंवा कमी आला, अथवा पाच टक्क्यांपेक्षा जास्त आला, तर जोडी बिघडली आहे. अशा ट्रॅक्टरचे फोर व्हील वापरू नका. जोडी ठीक असली तरी डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढूनच चालवा.

आता खरेदीचे. जमेल तर चारही टायर एकदम घ्या. ते परवडत नसेल तर निदान पुढची किंवा मागची जोडी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची घ्या, आणि बसवल्यावर खडूची परीक्षा करा. साइज ट्रॅक्टरच्या पुस्तकातली पाहा, आधीच्या मालकाने काय घातले होते ते पाहू नका. बाभळीच्या काट्याकुट्यांचे रान असेल तर जास्त प्लायचा टायर बरा. कपाशीत चालवायचा असेल तर रुंदीचा मोह नको, ओळीतले झाड मोडेल. कडेवरचा तारखेचा शिक्का वाचा. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा नसतो, नुसता न वापरलेला असतो. आणि बसवताना बाणाची दिशा पाहा.

बिल पक्के घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. तो आपल्या बिलात दिसला पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या टायरची ना सूट कळते, ना वॉरंटी मिळते. मालदांडी ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये होता. दुकानदार सांगेल त्या दराला या आकड्याने भागा. एका टायरमागे किती क्विंटल शाळू जातो ते दिसेल, आणि तोही हमीभाव पदरात पडला तर. ज्याला इतके क्विंटल मोजायचे आहेत, त्याला चौकशी करायला लाज कसली?

कंपन्यांकडे आमचे मागणे एवढेच आहे. पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण आणि चालणाऱ्या टायरांच्या जोड्या मराठीत छापून द्या आणि ट्रॅक्टरवर पत्र्याच्या पट्टीवर ठोका. ट्रॅक्टर दोन-तीन मालक फिरतो, पुस्तक पहिल्याच घरी राहते. पट्टी ट्रॅक्टरबरोबर जाते.

ती पट्टी येईपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने ट्रॅक्टरचे मॉडेल, पुढच्या-मागच्या टायरची साइज आणि खडूच्या परीक्षेचे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून आणावेत. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र केल्या की कोणती जोडी चालते आणि कोणती गिअर खाते, याची यादी आपल्याच हातात येईल. मग एका मॉडेलच्या दहा जणांनी मिळून दहा संच एकदम मागावेत. एकटा गेला तर दुकानदार भाव सांगतो. दहा जण गेले तर तो भाव विचारतो.