पुस्तकाचे मानधन

माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. प्रकाशकाने रॉयल्टीचा चेक पाठवला. रक्कम सांगत नाही. घरच्यांना एकदा हॉटेलात जेवू घालून रिक्षाने परत आणता आले असते, इतकी होती. पण बँकेच्या अधिकाऱ्याने बाहेरून पैसे घ्यायचे तर वरिष्ठ कार्यालयाची लेखी परवानगी हवी. मी रीतसर अर्ज केला. विचारणा आली, ‘सदर कादंबरी कार्यालयीन वेळेत लिहिली आहे काय?’ मी ‘नाही’ असे कळवले. अखेर परवानगी आली तेव्हा चेकची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती.

हे आठवायला निमित्त झाले एका पुतळ्याचे. माझा पुतण्या वेल्समध्ये, कार्डिफला असतो. तिथल्या एका मोठ्या बाजारसंकुलातला, हातात लंबगोल चेंडू घेतलेल्या माणसाचा पुतळा त्याने फोनवर पाठवला आणि खाली लिहिले, ‘काका, ओळखा.’ मला रग्बीतले काय कळणार? पण निवृत्त माणसाला वेळ असतो. मी गॅरेथ एडवर्ड्‌सच्या मागे लागलो आणि थांबलो तो थेट त्याच्या पुस्तकापाशी.

रग्बीत हाफबॅक म्हणजे काय, ते आधी सांगतो. दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. त्यांच्या पायांतून चेंडू मागे आला, की तो उचलून क्षणात बाहेर फेकायचा, लाथाडायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे ठरवणारा गडी म्हणजे हाफबॅक. बँकेच्या भाषेत सांगायचे तर काउंटरवरचा माणूस. सगळा व्यवहार त्याच्या हातून जातो आणि धक्केही त्यालाच बसतात.

गॅरेथ 1947 साली जन्मला. बाप कोळशाच्या खाणीत कामाला. गावाचे नाव ग्वाइन-काय-गर्वेन. तिथले लोकही दमून ‘जी.सी.जी.’ म्हणतात, तेव्हा आपण ओशाळण्याचे कारण नाही. बिल सॅम्युअल नावाच्या खेळाच्या मास्तरांनी पोराला हेरले, घडवले आणि इंग्लंडातल्या मिलफील्ड या महागड्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहून त्याची तिथे सोय लावली. हे मुख्याध्यापक म्हणजे जॅक मेयर. गंमत अशी की मेयरसाहेब 1926 साली कापसाच्या धंद्यात मुंबईला आलेले, इथल्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत युरोपियनांकडून खेळलेले. 1935 साली त्यांनी ही शाळा काढली ती हिंदुस्थानातून नेलेल्या सात मुलांवर, आणि त्यांतली बहुतेक राजघराण्यांतली. श्रीमंताकडून जास्त फी घ्यायची आणि गरिबाच्या हुशार मुलाला सवलत द्यायची, हा त्यांचा हिशेब. कोणत्याही ऑडिटरने त्यावर शेरा मारला असता. मला मात्र तो फार आवडला.

एकोणिसाव्या वर्षी, 1 एप्रिल 1967 रोजी, गॅरेथ पॅरिसला वेल्सकडून पहिला सामना खेळला. विसाव्या वर्षी कर्णधार झाला. तिथून 1978 पर्यंत वेल्सचे सलग 53 सामने. एकदाही वगळला गेला नाही, एकदाही दुखापतीने घरी बसला नाही. ब्रिटिश लायन्सच्या ज्या संघाने 1971 साली न्यूझीलंडला त्यांच्याच घरी हरवले, त्यातही तो होता. 1974 साली लायन्स वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत गेले. त्याचा वेल्समधला सहकारी जॉन टेलर याने तत्त्वासाठी जायचे नाकारले, गॅरेथ गेला. माझा कौल टेलरकडे आहे, पण तो विषय वेगळा.

आणि 27 जानेवारी 1973 ची ती धाव. कार्डिफच्या मैदानावर बार्बेरियन्सविरुद्ध न्यूझीलंड. स्वतःच्या गोलरेषेजवळ फिल बेनेटने तीन-चार जणांना हुलकावण्या दिल्या आणि चेंडू सहा जणांच्या हातांतून पुढे सरकत गेला. शेवटी डावीकडून गॅरेथ कुठूनसा उगवला, तो सुसाट पळत कोपऱ्यात झेपावलाच. मी ती धाव पुतण्याने पाठवलेल्या चित्रफितीत पाहिली, सलग पाच वेळा. सौ. म्हणाली, ‘‘अहो, तो पडतोय तेच काय पाहताय पुन्हा पुन्हा?’’

आता पैशांचे. पन्नास हजारांवर माणसे तिकिटे काढून याचा खेळ पाहत, आणि याला मिळायचे काय? प्रवासखर्च. तो नीथ गावातल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत नोकरी करी. खेळासाठी पैसा घेणे हे रग्बी युनियनमध्ये पाप होते. हे पाप ठरवले कोणी, ते पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडातले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारची पाळी बुडवून खेळत. बुडालेली मजुरी तरी द्या, एवढेच त्यांच्या क्लबांचे म्हणणे. दक्षिणेकडच्या खात्यापित्या घरच्या मंडळींनी ते फेटाळले. 1895 साली उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले आणि त्यांचा रग्बी लीग हा पैसे देणारा खेळ झाला. तिकडे जाणाऱ्याला युनियनचा दरवाजा कायमचा बंद. गॅरेथच्या पहिल्या सामन्यातला कर्णधार डेव्हिड वॉटकिन्स त्याच वर्षी तिकडे गेला. गॅरेथलाही बोलावणी आली. तो गेला नाही.

मग 1978 साली त्याने खेळ सोडला आणि आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे पैसे स्वतःकडे ठेवले. झाले! नियमानुसार तो व्यावसायिक ठरला. आता त्याने कुठल्या क्लबातल्या पोरांना शिकवायचेही नाही. बारा वर्षे मार त्याने खाल्ला, आठवणी त्याच्या, पण त्या विकण्याचा हक्क नाही. हौसेच्या नावाखाली चाललेली ही फुकट वेठ होती, असे माझे स्पष्ट मत आहे. बापजाद्यांची इस्टेट असलेल्याला शुद्ध हौस परवडते. खाणकामगाराच्या पोराला गुडघा गेला तर काय खायचे, ते त्या नियमात कुठेच लिहिलेले नव्हते.

आमच्या बँकेत खेळाडूंची भरती होई. माझ्या विभागात कबड्डीचा एक गडी होता. सकाळी मस्टरवर सही, दुपारी तीनला सरावाला. त्याची पेंडिंग लेजरे मी घरी जाता जाता पुरी करी आणि मनातून चरफडत असे. कागदोपत्री तो कारकून, प्रत्यक्षात खेळाडू. म्हणजे आमचाही व्यवहार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण तिशीच्या आत त्याचा गुडघा गेला, तेव्हा नोकरी राहिली. मग तो लेजर शिकला, माझ्याकडूनच. दोन मुली शिकवल्या. त्याच्या निरोप समारंभात मी त्या चरफडण्याची जाहीर कबुली दिली.

पैशाने खेळ बिघडला म्हणणाऱ्यांचे सगळेच खोटे आहे असे नाही. 1995 च्या ऑगस्टमध्ये रग्बी युनियनने पैशाला दार उघडले. 2003 साली वेल्सने प्रादेशिक संघ केले आणि गावोगावचे जुने क्लब मागे पडले. खेळाडूंची शरीरे वाढली, धडका वाढल्या. डोक्याला मार बसून मेंदू दुखावलेले अनेक माजी खेळाडू अलीकडे कोर्टात गेले आहेत. शनिवारी मैदानात आणि सोमवारी कारखान्यात दिसणारा गॅरेथ आता पुन्हा होणे नाही, हेही कबूल. पण ही हळहळ प्रेक्षकाची आहे. त्याची किंमत खेळाडूने का मोजावी?

पुतण्याने पाठवलेला तो पुतळा 1982 साली बसवलेला आहे. म्हणजे शहराने ज्याला भरबाजारात ब्राँझमध्ये उभा केला, त्याला चार पोरांना चेंडू फेकायला शिकवण्याची तेव्हा मनाई होती. दार उघडले तेव्हा गॅरेथ 48 वर्षांचा होता. 2015 साली त्याला ‘सर’ केले.

मधल्या काळात तो गळ टाकून मासे धरत असे. 1990 साली एका जलाशयात त्याने 45 पौंड 6 औंसांचा पाइक मासा पकडला. ब्रिटनमधला तेव्हाचा तो विक्रम. त्या माशाची गोष्ट सांगून त्याला हवे तेवढे पैसे घेता आले असते. त्यावर रग्बीवाल्यांचा काही नियम नव्हता.